टेस्टरवाले आप्पा

आमच्या शेजारचे सुकलाल आप्पा पहिल्यांदा आमच्याकडे चहाला आले, तेव्हा त्यांनी आधी आमच्या दाराच्या लोखंडी कडीला टेस्टर लावून पाहिला, मग आत पाऊल टाकलं. आत आल्यावर फ्रीजला लावला, खिडकीच्या गजांना लावला, आणि मी स्टीलच्या पेल्यात चहा दिला तर पेल्यालाही लावला. मी म्हटलं, आप्पा, चहा आहे तो. तर म्हणाले, "चहाचं काही नाही ताई. पेला कुठं ठेवला होता ते महत्त्वाचं."

आता गंमत ऐका. हा माणूस सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये तीस वर्षं वायरमन होता. मिठाईवाल्यानं साखरेला भ्यावं तसा हा प्रकार. मिलमधले लोक म्हणायचे, सुकलालला काम सांगितलं की अर्धा दिवस पाहण्यात जातो आणि दहा मिनिटं काम चालतं. पण त्यांच्या हातून झालेलं काम पुन्हा कधी उघडावं लागलं नाही, हेही तेच लोक सांगायचे.

मी बीडकडची. आमचे हे, म्हणजे दिलीप, भाड्यानं बोलेरो चालवतात, आणि मी घरी बसून साड्यांना लेस लावते. माझ्या शिलाई मशीनला मोटर आहे हे कळल्यावर आप्पा दुसऱ्या दिवशी रबराचा तुकडा घेऊन आले आणि माझ्या पायाखाली अंथरून गेले. जाताना त्यांचा तो प्रश्न विचारलाच. हा प्रश्न ते नव्या सुनेला विचारतात, दुकानदाराला विचारतात, एकदा सत्यनारायणाच्या पूजेत चौरंगाभोवती दिव्यांची माळ बघून भटजींनाही विचारला होता. "अर्थिंग शे का?" म्हणजे, अर्थिंग आहे का? घरी ते अहिराणी बोलतात, आणि घाबरले की बाहेरही अहिराणीच निघते. म्हणजे बहुतेक वेळ अहिराणीच.

खरं सांगायचं तर भीती लागते. सर्दीसारखी लागते. आप्पांच्या शेजारी सहा वर्षं राहून मी आता फ्रीज उघडताना आधी उलट्या हाताच्या बोटानं चाचपते. माझी आई गावाकडून आली तेव्हा म्हणाली, पोरी, तुला कुणी काही केलंय का?

आप्पांच्या शर्टाला दोन खिसे. डाव्या खिशात टेस्टर. उजव्या खिशात फ्यूज. कुठंही काम करायचं तर आधी त्या लाइनचा पांढरा चिनीमातीचा फ्यूज उपसायचा आणि तो खिशात घालूनच तारेला हात लावायचा, ही त्यांची पद्धत. फ्यूज खिशात म्हणजे दुसरा कुणी लाइन चालू करू शकत नाही. पुष्कळदा काम संपवून फ्यूज तसाच खिशात घेऊन ते घरी यायचे आणि मागं मिलमध्ये आख्खं खातं बोंबलत बसायचं. वत्सलाकाकू, त्यांच्या बायको, कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायच्या आणि फ्यूज सापडला की बिस्किटाच्या डब्यात टाकायच्या. तो डबा मी पाहिलाय. अर्धा भरला होता.

या काकूंना श्वासाचा त्रास. त्या मोठ्या साथीतून वाचल्या, पण फुप्फुसं पहिल्यासारखी राहिली नाहीत. दुपारी दोन तास आणि रात्रभर नाकाला नळी लावून ऑक्सिजनचं मशीन चालू ठेवावं लागतं. मशीनमधली स्वतःची बॅटरी अर्धा तास टिकते. करंटला भिणाऱ्या माणसाच्या बायकोचा श्वासच करंटवर आला. त्या दिवसापासून आप्पांना दोन भीती झाल्या. एक, करंट लागेल. दुसरी, करंट जाईल.

तर गेल्या दिवाळीत काकू एकदम म्हणाल्या, "यंदाची आखाजी मला माहेरी करायची आहे. पुढच्या आखाजीचं मी काही सांगत नाही."

आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आमरस खाऊन झोपतात. खान्देशात तसं नाही. तिथं लेकी माहेरी येतात, कडुलिंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून पूजतात. काकूंचं माहेर साक्रीच्या पुढं. बारा वर्षं त्या गेल्या नव्हत्या. एका वर्षी ऊन फार होतं, एका वर्षी रस्ता खोदला होता, मग आजारपण, मग मशीन. कारणं आप्पांची. मी म्हटलं, आप्पा, त्यांच्या माहेरी लाइट नाही का? म्हणाले, आहे. मग? "काय भरवसा," म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून उठले.

पण काकूंच्या त्या वाक्यानं ते हादरले होते. आठवड्याभरात त्यांनी एक ट्रेलर आणला. गाडीमागं जोडायची दोन चाकांची पत्र्याची खोली म्हणा. कुणीतरी खाण्याची गाडी म्हणून बनवून घेतला होता, धंदा चालला नाही. आप्पांनी आत एक बाज बसवली, पंखा लावला, खिडक्यांना जाळ्या लावल्या. बाहेरच्या बाजूला मोठ्या गुजराती अक्षरांत 'गरमागरम आलूपुरी' लिहिलेलं होतं, ते मात्र पुसलं नाही. रंगाच्या वासानं काकूंना त्रास होईल म्हणून. बेत असा, की सगळी वीज सोलरवर. बॅटरी आपली, ऊन देवाचं, कुणाच्या घरात पिन खुपसायची नाही.

आणि मग सुरू झालं सोलर निवडणं. दिवाळीला सुरू झालं, संक्रांत गेली, होळी गेली.

त्यासाठी आप्पांनी वही घातली. प्रत्येक पानावर वरती लिहिलेलं, 'काय होऊ शकतं'. पान पहिलं, पॅनेल छतावर पक्कं बसवलं तर. वाऱ्यानं उडू शकतं. भोकं पाडली तर पावसात गळू शकतं. आणि सगळ्यात मोठं, खाली दोन रेघा मारून: पॅनेल उन्हात ठेवायचं म्हणजे ट्रेलर उन्हात, ट्रेलर उन्हात म्हणजे वत्सला उन्हात. वैशाखात पत्र्याच्या खोलीत. पान दुसरं, घडी घालायचं सुटं पॅनेल. ट्रेलर सावलीत, पॅनेल उन्हात, मध्ये लांब तार. पण बकरी चढू शकते. कुणी उचलून नेऊ शकतं. तार लांब म्हणजे करंट वाटेतच थकतो, म्हणून तार जाड हवी. पान तिसरं, ॲसिडची बॅटरी. वाफ निघू शकते, बंद खोलीत वत्सलाच्या नाकात जाऊ शकते. पान चौथं, लिथियम बॅटरी. त्या पानावर एकच शब्द होता. 'स्फोट'.

मी काकूंसाठी म्हणून त्यांच्याबरोबर उधन्याच्या एका सोलरवाल्याकडे गेले. तो बिचारा गुजराती माणूस, दोन तास समजावत बसला. शेवटी कंटाळून म्हणाला, "काका, कंई नै थाय." काही होत नाही. झालं. आप्पा उठले, चपला घातल्या आणि बाहेर. म्हणे, ज्याला काही होणार नाही असं वाटतं त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. अशी चार दुकानं झाली. पाचव्या दुकानदारानं आप्पांना पाहिल्याबरोबर शटर खाली ओढलं.

होळीनंतर माझं डोकं फिरलं. मी काकूंना म्हटलं, हा माणूस तुम्हाला नेणार नाही. वही भरत बसेल आणि आखाजी निघून जाईल. काकूंनी नाकाची नळी नीट केली आणि म्हणाल्या, बस इथं.

मग त्यांनी सांगितलं. काकूंचा धाकटा भाऊ रमेश. त्याला आप्पांनीच गावाहून आणलं, मिलमध्ये आपल्या हाताखाली लावलं. एक दिवस आप्पांनी लाइनचा फ्यूज काढला, तेव्हाच्या रिवाजानं बोर्डाच्या वरच ठेवला, रमेशला शिडीवर चढवलं आणि ते चहाला गेले. मशीन बंद दिसलं म्हणून कुणीतरी फ्यूज परत बसवला. आप्पा येईपर्यंत सगळं संपलं होतं. रमेशमागं त्याची बायको सुमन आणि दोन लेकरं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या दिवसापासून फ्यूज खिशात.

"त्यांना कुणी काही म्हटलं नाही," काकू म्हणाल्या. "सुमनसुद्धा नाही. कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं."

मला एकदम कळलं, की तो ट्रेलर कशाला. माहेरच्या अंगणात उभं राहायचं, पण त्या घराच्या छपराखाली झोपायचं नाही, त्या घरातला एक दिवाही वापरायचा नाही. मी त्या दिवशी लेसचं काम केलं नाही. आप्पांवर इतके दिवस हसले याची लाज वाटली, आणि त्यांचा रागही आला. भावाला मुकलेल्या बाईला बारा वर्षं माहेर नाही, हे कुठलं प्रायश्चित्त?

दुसऱ्या दिवशी मी त्यांची वही घेतली, नवं पान काढलं आणि वरती लिहिलं, 'गेलोच नाही तर काय होऊ शकतं'. वही परत दिली. खाली त्यांनी काही लिहिलं नाही. पण तीन दिवसांनी सामान आलं. सुटी घडीची दोन पॅनेलं, मनगटाएवढ्या जाड तारेचं वेटोळं, आणि लिथियमच. लिथियममध्येही एक शांत स्वभावाची जात असते म्हणे, ती भडकत नाही. हे ज्या दुकानदारानं सांगितलं त्यानं सोबत हेही सांगितलं होतं, की नीट जोडली नाही तर काहीही होऊ शकतं. आप्पांचा त्याच्यावर तिथंच विश्वास बसला. "ऊन पॅनेलले, सावली तुना काकूले," मला म्हणाले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

आखाजीच्या दोन दिवस आधी आम्ही निघालो. पुढं आमचे हे, शेजारी काकू मशीनसकट, मागच्या सीटवर मी आणि आप्पा. आप्पा पूर्ण वाटभर मागं तोंड करून ट्रेलरकडे बघत बसले. चाळीसच्या वर गाडी जाऊ दिली नाही. चलथाणला उसाचे ट्रॅक्टर आम्हाला मागं टाकून गेले. व्याऱ्याला चहाला थांबलो तर दोन माणसं ट्रेलरच्या खिडकीशी येऊन उभी राहिली आणि दोन प्लेट आलूपुरी द्या म्हणाली. आप्पांनी त्यांना ट्रेलरपासून दूर केलं आणि टेस्टर लावून पाहिला, ट्रेलरला. त्या माणसांनाही लावला असता, पण ती पळाली.

हसले मी, पण आतून धाकधूक होतीच. नवापूरच्या पुढं घाट लागला तेव्हा आप्पा टेस्टर सारखा खिशातून काढून परत घालायला लागले. ट्रेलरमुळे नाही, ते मला माहीत होतं. गाव जवळ येत होतं.

पोचलो दुसऱ्या दिवशी सकाळी. वाटेत मुक्काम झाला होता आणि बॅटरी अर्धी उतरली होती. घर साधं, पुढं मोठं अंगण, अंगणात लिंब, लिंबाला झोका. सुमनबाई दारात उभ्या. चाळिशीच्या, वाळलेल्या, पदर डोक्यावर. नणंदेला त्यांनी अशी मिठी मारली की नळी ओढली जाईल म्हणून मी धावले. आप्पांकडे बघून म्हणाल्या, या भाऊ, घरात या. आप्पा जमिनीकडे बघून म्हणाले, आधी तारा जोडून घेतो. आणि ट्रेलरमागं गेले ते गेलेच.

त्यांनी ट्रेलर लिंबाच्या सावलीला लावला, तारा जोडल्या, पॅनेलं अंगणाच्या टोकाला उन्हात मांडली. मग डोक्यावर ओला टॉवेल टाकून त्या पॅनेलांशेजारी बसले. ऊन सरकेल तशी पॅनेलं सरकवायची, बकऱ्या हाकलायच्या. जेवायला बोलावलं तर म्हणाले इथंच आणा. सुमनबाईंनी ताट नेऊन दिलं. दोघं दोन हात अंतरावर, आणि आप्पांची नजर पॅनेलांवर. दिवसभर मी त्या दारातून बघत होते.

दुपारी काकूंचं मशीन दोन तास चाललं, पंखा चालला. सगळं ठीक. पॅनेलाचा हिरवा दिवा लागलेला होता.

दिवेलागणीला काकू बाजेवर टेकल्या, आप्पांनी मशीन चालू केलं, आणि पाच मिनिटांत ते टीं टीं करायला लागलं. बॅटरीचा काटा तळाला. दिवसभराच्या उन्हातलं थेंबभरही बॅटरीत उतरलं नव्हतं. मशीन स्वतःच्या बॅटरीवर गेलं, म्हणजे हातात अर्धा तास. आप्पा तारा चाचपायला लागले, टेस्टर हातातून दोनदा पडला. घामानं शर्ट अंगाला चिकटला. आमचे हे म्हणाले, आप्पा, घर वीस पावलांवर आहे, घरात लाइट आहे, वायर ओढू. आप्पा ऐकेनात. मी ओरडले. मी म्हटलं, त्यांचा जीव घेणार आहात का?

तेव्हा ते खाली बसले आणि म्हणाले, "त्या घरचा करंट मी कोणत्या तोंडानं घेऊ, ताई?"

माझ्या पाठीमागून सुमनबाई आल्या. हातात जुना एक्स्टेंशन बोर्ड, वायर मागं घरातल्या खिडकीतून आलेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या आप्पांसमोर उकिडव्या बसल्या आणि अगदी हळू बोलल्या. "बारा वरीस व्हयनात, भाऊ. आते तरी या घरना करंट ल्या."

आप्पांनी बोर्डाकडे पाहिलं. जुना, कडा फुटलेला, चिकटपट्टी लावलेला बोर्ड. सुरतेत असा बोर्ड कुणाकडे दिसला तर ते गल्लीभर दवंडी पिटायचे. त्यांचा हात सवयीनं डाव्या खिशाकडे गेला, टेस्टरला लागला आणि तिथंच थांबला. मग तो हात रिकामाच खाली आला. त्यांनी मशीनची पिन घेतली आणि सरळ बोर्डात घातली. अर्थिंगचं विचारलं नाही. टीं टीं थांबलं. काकूंनी डोळे मिटले. आप्पा ट्रेलरच्या पायरीवर बसून लहान मुलासारखे रडले, आणि सुमनबाई त्यांच्या शेजारी बसून राहिल्या.

त्या दिवशी जेवण घरात झालं. आप्पा आत आले, भिंतीवरच्या रमेशच्या फोटोसमोर उभे राहिले आणि नमस्कार करून ताटावर बसले.

आखाजीच्या सकाळी घागर भरली. रमेशच्या नावाच्या घागरीला पाणी आप्पांनी घातलं, सुमनबाईंनीच घालायला लावलं. त्यानंतर आप्पांनी त्यांना विचारलं, अर्थिंग शे का? त्या म्हणाल्या, नाही, ते होते तेव्हा करणार होते, राहून गेलं. मग काय, आप्पांनी पहार मागितली. घराच्या मागं खड्डा खणला, कोळसा आणला, मीठ आणलं, आणि भर उन्हात आमच्या ह्यांना हाताशी घेऊन त्या घराला अर्थिंग करायला लागले. मध्ये एकदा ट्रेलरशी जाऊन आले आणि घाबऱ्या घाबऱ्या मला सांगून गेले, की बॅटरी भरायला लागली आहे. काल बिघाड काय होता ते सापडलंच नाही. "आपोआप सुरू झालं ताई. म्हणजे आपोआप बंदही पडू शकतं," असं म्हणून त्यांनी वहीत नवं पान घातलं.

काकू झोक्यावर बसल्या होत्या. नळी नव्हती, सकाळी त्यांना नळी लागत नाही. मी म्हटलं, काकू, हे आपोआप कसं झालं? काकू पायानं जमीन रेटत म्हणाल्या, आपोआप कशाला होईल. काल आल्याबरोबर तारा जोडताना ह्यांनी पॅनेलाकडून बॅटरीला जाणाऱ्या लाइनचा फ्यूज उपसला आणि उजव्या खिशात घातला. परत लावायचा विसरले. आज शर्ट धुवायला घेतला तेव्हा मी काढला आणि जाऊन बसवला.

मी झोका धरून थांबवला. म्हटलं, म्हणजे काल सकाळपासून तुम्हाला माहीत होतं?

"मी दारातून बघत होते ना. बारा वर्षं त्यांचे खिसे तपासते मी."

मला राग आला की रडू आलं, कळेना. संध्याकाळचं ते टीं टीं अजून माझ्या कानात होतं. म्हटलं, आणि मशीन बंद पडलं असतं तर? त्यांनी सुमनबाईंना नाही म्हटलं असतं तर? तुम्हाला भीती नाही वाटली?

काकूंनी घराच्या मागच्या बाजूला पाहिलं. तिथून पहारीचा आवाज येत होता, आणि मध्येच आप्पांचा आवाज, सुमनबाईंना काहीतरी समजावून सांगणारा.

"वाटली ना," त्या म्हणाल्या. "खूप वाटली. पण त्यांना बारा वर्षं वाटत होती. मला एक संध्याकाळ वाटली तर काय बिघडलं?"

मग म्हणाल्या, दे जरा झोका. मी आधी दोराला हात लावून पाहिला, फांदीकडे पाहिलं, आणि मग हळूच दिला.